बुबुळावरची काचेची वाटी

चष्म्याच्या दुकानात कधीकधी असे गिऱ्हाईक येते, की मुरलेल्या दुकानदारालाही काही सुचत नाही. वय सोळा-सतरा. दिवाळीत केलेला चष्मा शिमग्याला निकामी. पुन्हा तपासावे तर तिरपा नंबर वाढलेला, त्याचा अंश सरकलेला, आणि नवे भिंग लावूनही तक्त्यावरच्या खालच्या ओळी फिसकटलेल्याच. रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलच्या दिव्याला शेपट्या फुटतात. एक डोळा झाकून पाहिले तर आकाशात दोन-तीन चंद्र. पुणे जिल्ह्यात शिरूरच्या बाजारपेठेत काय किंवा दौंडला स्टेशनाजवळ काय, अशा मुलाच्या वडिलांना दुकानदार शेवटी एवढेच सांगतो, की आता पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तिथे यंत्रावर कॉर्नियाचा रंगीत नकाशा निघतो, त्यात मधल्या जागेच्या जरा खाली लालभडक डाग उमटतो आणि आजाराला नाव मिळते : केराटोकोनस. नीट दिसण्यासाठी डॉक्टर जे सुचवतात ते नवा चष्मा नसते. ती असते करंगळीच्या नखाएवढी, कडक, पारदर्शक वाटी. कडक कॉन्टॅक्ट लेन्स.

या वाटीचा इतिहास सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे आणि तो बहुधा उलटा समजला जातो. कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे चष्मा मिरवायची लाज वाटणाऱ्यांची सोय, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ती जन्मली, ती ज्यांना चष्मा उपयोगी पडत नाही त्यांच्यासाठी. चष्मा टाळणारे गिऱ्हाईक मागाहून आले, दोन-तीन दशके राहिले आणि मऊ लेन्स निघताच तिकडे वळले. कडक लेन्स पुन्हा आपल्या मूळ माणसांकडे आली. ती माणसे महाराष्ट्राच्या खेड्यांत किती असावीत, याचा पहिला मोठा अंदाज यायला २००९ साल उजाडले.

डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो आतल्या भिंगात नव्हे, तर बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) धरली तर त्यातले ४३ या एका पडद्याचे. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. केराटोकोनसमध्ये हा पडदा आणखी पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने पुढे येऊन शंकूचा आकार घेतो. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार. जागोजागी नंबर निराळा. चष्म्याच्या भिंगाला फार तर काटकोनातल्या दोन दिशांचे दोन नंबर देता येतात, वेड्यावाकड्या पृष्ठभागाला ते पुरे पडत नाहीत.

कडक लेन्स ही अडचण वेगळ्याच वाटेने सोडवते. ती कॉर्नियावर बसली, की दोहोंमधली पोकळी अश्रूंनी भरते. अश्रूंचा आणि कॉर्नियाचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा, एकाचा १.३३६ तर दुसऱ्याचा १.३७६. त्यामुळे खालचा उंचसखलपणा प्रकाशाच्या लेखी बहुतांशी पुसला जातो आणि त्याच्या वाटेत उरतो तो लेन्सचा घोटीव, नियमित पृष्ठभाग. मऊ लेन्सला हे साधत नाही. ती उंचवट्यावर पसरते आणि त्याचाच आकार घेते.

कॉर्निया असा पाण्याखाली बुडवून निष्प्रभ करता येतो, हे पहिल्यांदा प्रयोगाने दाखवले लंडनच्या थॉमस यंग या तरुण डॉक्टराने. साल १८०१. वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी शिरूरला घोड नदीकाठी पडली, त्याच्या थोडेच आधी. यंगने एका छोट्या नळीच्या टोकाला सूक्ष्मदर्शकातले भिंग मेणाने बसवले, नळीत पाणी भरले आणि ती स्वतःच्या उघड्या डोळ्याला लावली. जवळचे पाहताना डोळा आपली ताकद कशी बदलतो, ते काम कॉर्नियाचे की आतल्या भिंगाचे, एवढेच त्याला ठरवायचे होते. रुग्णाचा विचार त्यात नव्हता. तो आला जॉन हर्शेलच्या मनात. १८२० च्या दशकात प्रकाशावर लिहिलेल्या प्रदीर्घ निबंधात या खगोलशास्त्रज्ञाने सुचवले, की कॉर्निया ओबडधोबड असेल तर काचेच्या वाटीत पारदर्शक जेली घालून ती डोळ्यावर बसवावी, किंवा कॉर्नियाचा साचा घेऊन तसे भिंग घडवावे. कल्पना अचूक होती. पण डोळ्याला नुसते बोट लागले तरी पापणी मिटते. तिथे काच कोण बसवून घेणार?

मधल्या काळात शंकूसारख्या कॉर्नियाची दुखणी वैद्यांना नीट ओळखता येऊ लागली. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅमने १८५४ मध्ये या एकाच आजारावर सविस्तर ग्रंथ लिहिला. उपाय मात्र भयंकर होते. सिल्व्हर नायट्रेटने कॉर्निया डागायचा, वर दाबपट्टी बांधायची आणि जखम भरताना शंकू चपटा होईल अशी आशा धरायची. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले, आणि मग डोळ्यावर काच ठेवून पाहणे माणसाच्या आवाक्यात आले. त्यानंतर पाचच वर्षांत चार ठिकाणी ती ठेवली गेली.

पहिली जर्मनीतल्या वीसबाडेनची. तिथले म्युलर घराणे काचेचे कृत्रिम डोळे बनवणारे. १८८७ मध्ये त्यांच्याकडे असा रुग्ण पाठवण्यात आला, ज्याची पापणी कर्करोगाने गेली होती आणि उघडा पडलेला डोळा सुकून जाणार होता. म्युलरांनी पातळ काचेची वाटी फुंकून दिली. तिच्याखाली ओलावा टिकला आणि तो डोळा सुमारे वीस वर्षे शाबूत राहिला. नंबर वगैरे काही नाही, केवळ संरक्षण. दुसरा मान झुरिकमध्ये काम करणाऱ्या अडोल्फ ऑयगेन फिकचा. त्याने सशांच्या डोळ्यांचे साचे घेतले, त्यावरून काचेच्या वाट्या करून सशांना घातल्या, मग मृतांच्या डोळ्यांवरून माणसासाठी वाट्या करवल्या, स्वतः घातल्या आणि त्यानंतरच रुग्णांकडे वळला. त्याच्या वाट्या मोठ्या होत्या, १८ ते २१ मिलिमीटर व्यासाच्या. त्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकत आणि कॉर्नियापुढची जागा ग्लुकोजच्या द्रावणाने भरलेली असे. दोन तासांच्या वर त्या सहन होत नसत. १८८८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑयजेन काल्टने केराटोकोनसच्याच रुग्णांना काचेच्या वाट्या बसवून त्यांची नजर सुधारल्याचे तिथल्या वैद्यक अकादमीला कळवले गेले. शिरूर-दौंडच्या रुग्णांची वंशावळ काढायची तर ती काल्टच्या या रुग्णांपाशी जाऊन पोचते.

चौथा माणूस कीलचा ऑगस्ट म्युलर, वीसबाडेनच्या म्युलरांपैकी नव्हे. हा वैद्यकीचा विद्यार्थी आणि स्वतःच १४ नंबरच्या लघुदृष्टीचा. १८८९ मध्ये त्याने स्वतःच्या डोळ्यांसाठी घासून घेतलेल्या काचांवर प्रबंध सादर केला. कोकेन घालूनही त्याला त्या अर्ध्या तासावर सोसल्या नाहीत. पुढे त्याने डोळ्यांचे क्षेत्रच सोडले आणि हाडांचा डॉक्टर झाला.

हे सगळे युरोपात चालले असताना दौंड परिसरात डोळ्यांची काय अवस्था होती, याची एक खूण केडगावात आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, अनाथ मुली गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे केले. तिथे अंध मुली आणि स्त्रियांसाठी वेगळे घर होते, आणि रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी त्यांना ब्रेल शिकवण्याचे काम अंगावर घेतले होते. त्या काळी दृष्टी जाण्याची मोठी कारणे म्हणजे देवीचा रोग आणि उपासमार. अन्नातले अ जीवनसत्त्व संपले की कॉर्निया अक्षरशः विरघळतो, देवीच्या फोडांनी त्यावर व्रण उठतात आणि मग डोळ्यात फूल पडते. पांढऱ्या, अपारदर्शक झालेल्या कॉर्नियाला काल्टची काचही काही करू शकली नसती. तरी दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच काळातल्या आहेत हे ध्यानात ठेवावेसे वाटते. पॅरिसमध्ये वाकड्या कॉर्नियावर काच चढत होती. केडगावात गेलेल्या नजरेची वाट बोटांनी काढली जात होती, आणि ते काम त्या काचेइतकेच मोठे होते.

काचेची वाटी पुढची चाळीस वर्षे तशीच अडखळत राहिली. येनाच्या झाइस कंपनीने वेगवेगळ्या गोलाईच्या घासीव काचांचे तपासणी संच काढले. डॉक्टर त्यातली एकेक बसवून पाहत. पण माणसाचा डोळा ठरावीक गोलाईत बसत नाही. बुडापेस्टच्या योझेफ डालोसने १९२९-३० च्या सुमारास हे ओळखले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा साचा घ्यायला सुरुवात केली. त्या साच्यावरून काच घडवायची, कडा घासायची, डोळ्यावर ठेवून पाहायची, जिथे टोचेल तिथे पुन्हा घासायची. काचेखाली अश्रू खेळते राहिले पाहिजेत, ते अडले की डोळा धुरकटतो, हेही त्याच्या नजरेस आले. १९३७ मध्ये त्याला लंडनला बोलावून घेण्यात आले आणि पुढचे आयुष्य त्याने तिथेच लेन्स बसवण्यात घालवले.

डालोसपासून या धंद्याचा खरा स्वभाव ठरला असे म्हणावे लागेल. चष्मा नंबर सांगून करता येतो. कडक लेन्स चांगल्या शिंप्याच्या कपड्यासारखी अंगावर घालून, चिमटीत धरून, पुन्हा उसवून बेतावी लागते. आजही लेन्स बसवणारा तज्ज्ञ डोळ्यात फ्लुओरेसिन या रंगद्रव्याचा नारिंगी थेंब सोडतो आणि निळ्या प्रकाशात पाहतो. जिथे अश्रूंचा थर जाड तिथे हिरवे चमकते, जिथे लेन्स कॉर्नियाला टेकते तिथे काळोख. शंकूच्या टोकावर हलका स्पर्श चालतो, दाब चालत नाही. एक संच, एक दिवा आणि हे हिरवे-काळे चित्र वाचायला शिकलेली नजर, एवढ्यावर सगळे अवलंबून असते. यंत्रे कितीही सुधारली तरी ती नजर शिकायला वर्षे लागतात.

मग प्लॅस्टिक आले. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे पर्स्पेक्स किंवा प्लेक्सिग्लास, १९३० च्या दशकात कारखान्यांतून निघू लागले. काचेपेक्षा हलके, न फुटणारे, लेथवर कापता येणारे. न्यूयॉर्कच्या विल्यम फाइनब्लूमने १९३६ मध्ये मधे काच आणि कडेला प्लॅस्टिक अशी लेन्स केली आणि दोन-तीन वर्षांतच पूर्ण प्लॅस्टिकच्या लेन्स निघाल्या. तरी त्या अजून फिकच्या वाटीसारख्या सबंध डोळा झाकणाऱ्या होत्या. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या केव्हिन टुओहीने फक्त कॉर्नियावर बसणारी, सुमारे ११ मिलिमीटरची लेन्स केली. लेथवर काम चालू असताना मोठ्या लेन्सचा कडेचा भाग तुटला आणि उरलेला मधला तुकडा त्याने डोळ्यात घालून पाहिला, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, लहान लेन्स अश्रूंवर तरंगते, पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर सरकते आणि तिच्याखालचे अश्रू बदलतात, हे खरे ठरले. दिवसभर घालता येईल अशी लेन्स आता हाती आली.

शिकागोत ती लोकांपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक होता न्यूटन वेस्ली. ऑरेगनमधल्या जपानी कुटुंबात जन्मलेला, मूळ आडनाव उयेसुगी. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या नागरिकांना घरादारातून उचलून छावण्यांत ठेवले, त्यात हाही होता. तो दृष्टितपासनीस होता आणि त्याला स्वतःलाच केराटोकोनस होता. आपली नजर चालली आहे हे कळत असताना त्याने जॉर्ज जेसेन या आपल्या विद्यार्थ्याबरोबर प्लॅस्टिकच्या लेन्सवर काम सुरू केले आणि त्या स्वतःच्या डोळ्यांवर चढवल्या. वेस्ली-जेसेन हे नाव पुढे जगभर पसरले. या सबंध इतिहासात केराटोकोनसच्या रुग्णांना वेस्लीइतके जवळचे माणूस सापडत नाही. ज्याचे दुखणे त्यानेच औषध घडवले.

याच प्लॅस्टिकची दुसरी वाट थेट शिरूर-दौंडच्या घराघरांत आली आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचा पर्स्पेक्सच्या असत आणि त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले तरी डोळा ते निमूटपणे सोसतो, हे लंडनच्या हॅरल्ड रिडलीच्या लक्षात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे भारतात स्वस्तात बनवायला घेतली आणि गावोगावच्या नेत्र शिबिरांतून ती आजी-आजोबांच्या डोळ्यांत गेली. एकाच घरात आजोबांच्या डोळ्याच्या आत हे भिंग असते आणि नातवाच्या डोळ्यावर त्याच घराण्यातली कडक लेन्स. आजोबांसाठी १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आहे, शिबिराची गाडी आहे, शस्त्रक्रिया मोफत आहे. नातवाची लेन्स मात्र बहुतेक वेळा घरच्या पैशाने येते, हजारो रुपयांना, आणि हरवली तर पुन्हा तेवढेच.

पर्स्पेक्सच्या लेन्समध्ये एक मोठी खोट होती. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात; तो आपला प्राणवायू हवेतून, अश्रूंवाटे घेतो. हे प्लॅस्टिक प्राणवायू जवळजवळ अजिबात जाऊ देत नाही. वर्षानुवर्षे लेन्स घालणाऱ्यांचे कॉर्निया सुजत, संध्याकाळी दिव्यांभोवती वलये दिसत, लेन्स काढल्यावर काही काळ चष्म्यानेही नीट दिसत नसे. याच सुमारास प्रागचे रसायनतज्ज्ञ ओटो विख्टर्ले यांनी पाणी शोषणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाची मऊ लेन्स साधली. १९६१ च्या नाताळात त्यांनी ती घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातल्या जोडणी संचाचे भाग वापरून ओतली. १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्बला अमेरिकेत मऊ लेन्स विकण्याची परवानगी मिळाली आणि बाजार बघता बघता तिकडे झुकला.

कडक लेन्स संपली नाही, ती बदलली. अमेरिकेत नॉर्मन गेलॉर्डने पर्स्पेक्सच्या घटकांत सिलिकोन मिसळले. त्यातून प्राणवायू जाऊ लागला. या जातीच्या पॉलिकॉन लेन्सला १९७९ मध्ये तिथे परवानगी मिळाली, मग फ्लोरीन मिसळलेले आणखी चांगले पदार्थ निघाले. आपल्याकडच्या दुकानांत 'सेमी-सॉफ्ट' म्हणून मिळते ती हीच. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या पॉल रोझ यांनी तर केवळ शंकूच्या आकारासाठी नवी घडण बसवली. मध्यभाग उभट, कडेकडे झपाट्याने पसरट. अमेरिकेत १९९५ पासून १२०९ केराटोकोनस रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यातले बहुसंख्य कडक लेन्सवरच विसंबून असल्याचे दिसले. शंकूच्या टोकावर टेकणाऱ्या सैल गोलाईच्या लेन्सचा आणि तिथे उमटणाऱ्या व्रणांचा संबंधही त्याच अभ्यासात पुढे आला.

तोवर या आजाराला वैद्यकीच्या पुस्तकांत दुर्मीळ म्हटले जाई. त्यामागे मुख्यतः अमेरिकेतल्या मिनेसोटाचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता : एक लाखात सुमारे ५४ जण. मग २००९ मध्ये नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया, जर्मनीचे डॉ. योस्ट योनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. नागपूरजवळच्या आठ खेड्यांतल्या तीस वर्षांवरच्या ४७११ लोकांचे डोळे त्यांनी तपासले होते. कॉर्नियाची ताकद ४८ डायॉप्टरच्या वर गेली तर केराटोकोनस, अशी व्याख्या धरली, आणि प्रमाण निघाले २.३ टक्के. मिनेसोटाच्या चाळीसपट.

या आकड्यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. कॉर्नियाचा पूर्ण नकाशा न काढता केवळ मधल्या गोलाईच्या मापावर निदान केले, तर जन्मजात उभट कॉर्निया असलेली निरोगी माणसेही त्यात मोजली जातात. पण आकडा निम्मा केला, पाव केला, तरी दुर्मीळ म्हणून हात झटकण्याजोगे काही उरत नाही. २०११ च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४ आणि दौंडची ३,८०,४९६ होती. अगदी मिनेसोटाच्या हिशेबाने मोजले तरी या दोन तालुक्यांत चारशेवर रुग्ण निघतात. नागपूरच्या मापाच्या जवळपासही काही खरे असेल, तर ते हजारांत जातात.

आणि इथली हवा या आजाराला अनुकूल आहे, असे मानायला जागा आहे. पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात फुफाटा, मळणीच्या दिवसांत कुसळ आणि भुसा, दौंड तालुक्यात गुऱ्हाळांचा धूर, नगर रस्त्याला शिक्रापूर-सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांनी उडवलेली धूळ. कोरड्या, उष्ण, धुळीच्या प्रदेशात मुलांना डोळ्यांची ॲलर्जी होते. डोळे लाल होतात, खाजतात आणि मुले ते मुठींनी चोळतात. सतत डोळे चोळण्याचा आणि केराटोकोनसचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. “डोळे चोळू नकोस” हे आईचे सांगणे इथे औषधाइतके मोलाचे आहे.

तीच धूळ लेन्स घातल्यावर वैरी होते. कडक लेन्सखाली कण गेला तर माणूस जागच्या जागी थांबतो, डोळ्यातून धार लागते. मोटारसायकलवरून रांजणगावच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला लेन्सवरून बंद गॉगल लावावाच लागतो. उसाच्या फडात पातीचा काप कॉर्नियाला बसला तर बुरशीचा व्रण होऊ शकतो. लेन्स वापरणाऱ्याने तिथे अधिकच जपायला हवे. पाण्याचे तर विचारूच नये. बोअरवेलचे, नळाचे, विहिरीचे कुठलेही पाणी लेन्सला लागता कामा नये, कारण त्यातला अकांथअमीबा नावाचा जीव कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने हटत नाही. थुंकी लावून लेन्स ओली करणे तितकेच घातक. धुण्याचे द्रावण मात्र तालुक्याच्या गावी प्रत्येक औषध दुकानात हमखास मिळत नाही, आणि संपले की पुन्हा पुण्याची फेरी.

फेरीचा प्रश्न साधा नाही. दौंडला १८५८ पासून लोहमार्ग आहे, १८७८ मध्ये मनमाडचा फाटा आल्यावर ते जंक्शन झाले. तिथल्या रुग्णाला सकाळच्या गाडीने पुणे गाठता येते. शिरूरला रेल्वे नाही. एस.टी. किंवा खासगी गाडी, नगर रस्ता आणि वाघोलीची कोंडी. लेन्स एका फेरीत मिळत नाही. माप, तपासणी संचातली लेन्स घालून अर्धा-पाऊण तास बसणे, मागणी, आल्यावर बसवून पाहणे, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे, आणि शंकू वाढत असेल तर काही महिन्यांनी सगळे पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला मुलाची शाळा आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. लेन्स सोडून देणाऱ्यांना 'सहन झाली नाही' असे म्हटले जाते. त्यातल्या किती जणांना लेन्स सोसली नाही आणि किती जणांना फेऱ्या सोसल्या नाहीत, याचा विचार व्हायला हवा.

दौंडच्या मुलांपुढे आणखी एक दार बंद होते. रेल्वेच्या गावात वाढलेल्या मुलाला इंजिन चालवायचे असते, पण सहायक लोको पायलटच्या भरतीला दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय ६/६ लागते. लेन्स घालून कितीही स्वच्छ दिसले तरी ती परीक्षा उघड्या डोळ्यांचीच असते. ज्याला आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नाही, तो भरतीची तयारी करत राहतो आणि वैद्यकीय तपासणीच्या खोलीत त्याला ते पहिल्यांदा कळते.

शंकू फारच पुढे गेला तर लहान लेन्स त्यावर टिकत नाही, उडून पडते. अशा डोळ्यांसाठी गेल्या काही दशकांत फिकची मोठी वाटीच नव्या पदार्थात परत आली. ऑस्ट्रेलियाच्या डॉन एझिकेल यांनी १९८३ मध्ये प्राणवायू जाऊ देणाऱ्या पदार्थाची, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी स्क्लेरल लेन्स वर्णन केली. बोस्टनच्या पेरी रोझेंथाल यांनी ती पुढे नेली. घालण्याआधी तिच्यात सलाइन भरायचे, मान खाली घालून डोळा तिच्यात बुडवायचा. कॉर्नियाला ती शिवतही नाही. फिकची काच दोन तासांत काढावी लागे, ही दिवसभर राहते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत बोस्टनच्या पद्धतीच्या या लेन्स बसवल्या जातात, आणि दौंडवरून सोलापूरमार्गे हैदराबादला गाड्या आहेत. पुण्यातही स्क्लेरल लेन्स मिळतात. खर्च साध्या कडक लेन्सच्या कितीतरी पट.

लेन्स नजर देते, आजार थांबवत नाही. तो थांबवण्याचा उपाय जर्मनीतल्या ड्रेस्डेनला सापडला. कॉर्नियावर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, सोडायचे आणि त्यावर अतिनील किरण टाकायचे. कॉर्नियातले धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात. क्रॉस-लिंकिंग नावाच्या या उपायाचे रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज पुण्यातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत ते केले जाते. पण कॉर्निया फार पातळ होण्याआधी रुग्ण हाती लागला तरच त्याचा उपयोग. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो मुलगा केव्हा सापडतो यावर.

शाळेतल्या तपासणीत मुलांकडून तक्ता वाचून घेतात, कमी वाचले तर चष्मा देतात. केराटोकोनसची सुरुवातीची मुले त्यातून निसटतात, कारण सुरुवातीला चष्म्याने बरेचसे दिसते. नागपूरच्या पथकाने खेड्यांत वापरले ते मापनाचे तंत्र मात्र काही दुर्लभ नाही. मोतीबिंदूनंतर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायचा तर कॉर्नियाची गोलाई मोजावीच लागते, त्यामुळे जिथे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते तिथे केराटोमीटर असतोच आणि तो चालवणारा माणूसही. दर सहा महिन्यांनी तिरपा नंबर बदलणारी, डोळे चोळणारी आठवी ते बारावीची मुले त्या यंत्रासमोर बसवायला प्रत्येकी काही मिनिटे लागतील. आकडा ४८ च्या आसपास किंवा वर आला, अथवा दोन डोळ्यांत मोठा फरक निघाला, की कॉर्नियाच्या नकाशासाठी पुण्याला चिठ्ठी द्यायची. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत हे यंत्र असेल, तर तिथून हे काम येत्या शालेय वर्षापासून सुरू करता येण्याजोगे आहे.